पाढ्यांचा तक्ता बाकावर ठेवू द्यावा का? (विसरणाऱ्या मुलांसाठी तुम्ही काय करता?)

खडूफळा | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी पाचवीला शिकवते. वर्ग मोठा आहे. त्यात सात-आठ मुलं अशी, की काल फळ्यावर नीट सोडवलेलं आज विचारलं तर पाटी कोरी. टवाळ नाहीत हो, उलट फळ्याकडे डोळे लावून बसतात. भागाकाराची रीत समजलेली असते, पण मध्येच 'सात सक किती?' इथे गाडी अडते. मग मनातल्या मनात सात एके सातपासून सुरुवात. बेचाळीसपर्यंत पोचतात तोवर भागाकारात आपण कुठे होतो हेच हरवलेलं असतं.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर या मुलांच्या बाकावर मी पाढ्यांचा छोटा तक्ता चिकटवला. दहा बाय दहाचा चौकोन, बास. भागाकार सुटायला लागले. पण परवाच्या पालकसभेत एक बाबा उठून म्हणाले, "बाई, ही तर शाळेनेच पुरवलेली कॉपी झाली." मुख्याध्यापकांचंही मत तेच, फक्त आवाज खालचा.

तर विचारायचं असं, की तक्ता द्यावा का, आणि दिला तर काढायचा कधी? शिवाय लक्षात राहण्यासाठी वर्गात (घरी नव्हे, वर्गात) काय चालतं ते अनुभवाने सांगा. 'बदाम द्या' सोडून काहीही चालेल.

तर्रीबाज | सोमवार, रात्री ९.२२

बदाम बाद म्हणजे आमच्या मातोश्रींचा निम्मा अभ्यासक्रमच बाद. अक्रोड चालतील का?

निवृत्त_निवांत | सोमवार, रात्री ९.४८

मी नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त. आमच्या वेळी चौथीपर्यंत तीसाचे पाढे, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, आजच्या इंजिनियरला विचारून बघा. संध्याकाळी दिवा लागला की परवचा. कुणाला तक्ता नव्हता आणि कुणाचं अडलं नाही.

बाईंचा हेतू चांगला आहे, पण तक्ता म्हणजे कुबडी. एकदा काखेत बसली की सुटत नाही. पाढा रक्तात भिनला पाहिजे.

लिंबूटिंबू | सोमवार, रात्री ९.५५

काका, ज्यांचं अडलं ती पोरं चौथीतून शाळा सोडून गेली, म्हणून तुम्हाला दिसली नाहीत. आमच्या चुलत्यांना विचारा.

निवृत्त_निवांत | सोमवार, रात्री १०.०३

हेही खरंच आहे. आमच्या वर्गातले बरेच जण पुढे दिसले नाहीत. पण पाढ्याबद्दलचं माझं म्हणणं कायम.

अनुस्वार | सोमवार, रात्री १०.४०

मी विशेष शिक्षिका आहे, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम करते. जरा सविस्तर लिहिते.

खडूफळाताई, तुम्ही भागाकाराचं जे वर्णन केलंत ते वर्किंग मेमरीचं अगदी पुस्तकी उदाहरण आहे. एखादी गोष्ट डोक्यात धरून ठेवायची आणि त्याच वेळी तिच्यावर काम करायचं, यासाठी मेंदूत जी जागा लागते ती फार तोकडी असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये 'सात, दोन कमी-जास्त' हा आकडा मांडला. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो चारच्या आसपास खाली आणला. हे मोठ्या माणसांचं झालं. लहान मुलांची जागा त्याहून कमी, आणि तुमच्या त्या सात-आठ मुलांची आणखी कमी असण्याची शक्यता आहे. ती मुलं बुद्धीने कमी आहेत असा याचा अर्थ नाही.

आता ७ × ६ शोधायला मुलगा सात एके सातपासून निघाला की ती सगळी जागा पाढाच खाऊन टाकतो. भागाकार बाहेर फेकला जातो. तक्त्याने ती जागा मोकळी झाली, म्हणून भागाकार सुटला. मुलगा भागाकार शिकतोय की पाढे, हे आधी ठरवा. भागाकाराच्या तासाला तक्ता द्यावा, पाढ्यांच्या तासाला झाकावा.

निवृत्तकाकांचंही अर्धं बरोबर आहे. पाढा खरोखर आपोआप आठवायला लागला तर तक्त्याची गरजच उरत नाही, कारण मग तो जागाच घेत नाही. वाद तिथे पोचायचं कसं याचा आहे.

वर्गात आणखी एक करून बघा. आपण एका दमात सांगतो, "वही काढा, तारीख टाका, पान बेचाळीस उघडा, तिसरं गणित सोडवा आणि झालेल्यांनी हात वर करा." ही मुलं वही काढतात आणि शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात. आपण ओरडतो, "लक्ष कुठंय?" लक्ष असतं, पण सूचना तिसऱ्या पायरीलाच सांडलेल्या असतात. एकेक सूचना द्या, किंवा फळ्याच्या कोपऱ्यात चार चित्रं काढून ठेवा: वही, तारीख, पुस्तक, हात.

मोगऱ्याची_वेल | सोमवार, रात्री १०.५२

अनुस्वार, ते वही काढण्याचं वाचून नवऱ्याला दाखवलं. "दळण आण, येताना कोथिंबीर, गॅसवाल्याला फोन" यातलं फक्त दळण येतं आमच्याकडे.

तर्रीबाज | सोमवार, रात्री १०.५५

दळण येतंय ना? नशीबवान आहात.

हातचा_एक | मंगळवार, सकाळी ७.१५

क्लासेस घेतो, गणिताचे. तक्ता काढायचा कधी, याचं उत्तर माझ्या मते असं: काढायचाच नाही, झिजवायचा.

दहा बाय दहाच्या चौकोनात शंभर घरं. मुलांना वाटतं शंभर गोष्टी पाठ करायच्यात. आता ७ × ८ आणि ८ × ७ एकच, हे तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं की उरतात ५५. त्यातले १, २, ५ आणि १० चे पाढे जवळपास सगळ्यांना येतात, ते वगळले की उरतात २१. नऊचा पाढा बोटांवर येतो. दोन्ही हात समोर धरायचे, ९ × ४ साठी डावीकडून चौथं बोट मिटायचं, डावीकडे तीन, उजवीकडे सहा, छत्तीस. नऊही गेला, उरले १५. चारचा पाढा म्हणजे दोनच्या उत्तराची दुप्पट. तोही सोडला तर उरतात फक्त दहा:

३×३, ३×६, ३×७, ३×८, ६×६, ६×७, ६×८, ७×७, ७×८, ८×८.

'शंभर' ऐकून बसलेलं पोरगं 'दहा' ऐकलं की सरळ होऊन बसतं, हे मी नेहमी बघतो. मग नियम असा: जे घर सलग तीन वेगवेगळ्या दिवशी न बघता सांगता आलं, ते मुलाने स्वतःच्या हाताने स्केचपेनने काळं करायचं. स्वतःच, बाईंनी नाही. तक्ता हळूहळू काळा होत जातो. मुलं एकमेकांना दाखवतात, "माझी पाचच राहिली." कॉपी म्हणणाऱ्या पालकांना असा अर्धा काळा झालेला तक्ता दाखवा.

खडूफळा | मंगळवार, सकाळी ७.४०

हातचा_एक, हे फारच आवडलं. शाळेला निघतेय, संध्याकाळी येते.

आडवातिडवा | मंगळवार, सकाळी ११.०५

बोटांची युक्ती चांगली, पण मराठीत तिथेच एक खड्डा आहे. बोटांवर दिसतं तीन आणि सहा. म्हणायचं 'छत्तीस', म्हणजे सहा आधी. त्यामुळे माझी भाची खुशाल ६३ लिहिते. एकोणपन्नास तर कहरच, कानावर पन्नास पडतं आणि लिहायचे चार-नऊ.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय? 'मराठी बुडाली' इथपर्यंत गेलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्या समजावून सांगत होत्या की जोडाक्षरं अवघड जातात, आकड्यांचा क्रम उलटतो, म्हणून हा जास्तीचा पर्याय. ऐकून कोण घेतो! भाचीला मी तसंच शिकवतो: आधी 'तीस सहा' म्हण, लिही, मग 'छत्तीस' म्हण. गोंधळ बराच कमी झाला.

निवृत्त_निवांत | मंगळवार, सकाळी ११.३०

हा विषय काढू नका, माझा रक्तदाब वाढतो.

पेठचा_मास्तर | मंगळवार, दुपारी ३.२०

पेठ तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर आहे. नेटवर्क मिळालं तसं लिहितोय.

तुमच्या शहरातल्या चर्चेत एक भर. 'विसरतं' म्हणण्याआधी ते मूल शिकलं होतं का, हे आम्हाला आधी बघावं लागतं. इकडची कुटुंबं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जातात. मूल बरोबर जातं. महिना-दीड महिन्याने परत आलं की त्याला तिसरीतली वजाबाकी 'आठवत नाही'. अहो, ती शिकवली तेव्हा ते छाटणीच्या मळ्यात धाकट्या भावाला सांभाळत होतं.

दुसरं भाषेचं. घरी कोकणा बोली, पुस्तकात प्रमाण मराठी. वर्गातला सगळ्यात 'मठ्ठ' ठरलेला पोरगा रानात नेला तर झाडांची, रानभाज्यांची नावं धडाधड सांगतो. कुठली कधी उगवते, कुठली उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही, सगळं मुखोद्गत. मग स्मरणशक्ती कमी कशी? पुस्तकातल्या शब्दाला डोक्यात अडकायला खुंटीच नाही, एवढंच. म्हणून मी नवा शब्द आला की आधी त्यांच्या बोलीत काय म्हणतात ते विचारतो. दोन्ही शब्द एकाच चित्राखाली भिंतीवर लावतो. भिंत भरली आहे, रंग कुठला दिला होता ते आता दिसत नाही.

साधनं म्हणाल तर चिंचोके, खडे, बांगड्या, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. अक्षरासाठी ताटलीत पसरलेली बारीक माती. बोटाने अक्षर गिरवायचं, तोंडाने आवाज काढायचा, ताटली हलवली की पाटी कोरी.

अनुस्वार | मंगळवार, दुपारी ४.०५

मास्तर, त्या मातीच्या ताटलीचं शास्त्र आहे. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकात वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी डोळे, कान आणि हात एकत्र वापरायची पद्धत बसवली, ती आजही वापरात आहे. आपल्याकडे धूळपाटी होतीच. शहरात मी रवा वापरते.

तर्रीबाज | मंगळवार, दुपारी ४.११

आणि मग शिरा?

स्पर्धेतला_सशा | मंगळवार, सायंकाळी ६.३०

मी एमपीएससी करतोय, त्यामुळे पाठांतर हाच धंदा. माझी पद्धत: ओळखीचा रस्ता घ्यायचा आणि त्यावर एकेक गोष्ट टांगायची. माझा रस्ता सीबीएस, मेहेर, अशोक स्तंभ, रविवार कारंजा, होळकर पूल, मालेगाव स्टँड, पंचवटी कारंजा, निमाणी. समजा राज्यघटनेतली मूलभूत कर्तव्यं क्रमाने हवीत. सीबीएसला कुणीतरी तिरंगा घेऊन उभं, मेहेरला सिग्नल तोडून स्वातंत्र्यसैनिकांची मिरवणूक… असं चित्र जितकं वेडगळ तितकं घट्ट बसतं. ग्रीक-रोमन वक्ते भाषणं अशीच पाठ करायचे.

आडवातिडवा | मंगळवार, सायंकाळी ६.३८

सिंहस्थाची कामं चालू आहेत. तुमचं निम्मं संविधान खोदकामात गेलं असेल.

स्पर्धेतला_सशा | मंगळवार, सायंकाळी ६.४५

डायव्हर्जन लावलंय. सध्या गंगापूर रोडवरून जातो.

हातचा_एक | मंगळवार, सायंकाळी ७.१०

सशा, तुझ्यासाठी उत्तम आहे. पण खडूफळाताईंच्या मुलांना ते जड जाईल. आधी रस्ता आठवा, मग चित्र आठवा, मग चित्रावरून कर्तव्य आठवा. ज्यांची जागाच तोकडी त्यांच्यावर आणखी सामान. शिवाय ही पद्धत यादीपुरती, भागाकाराला काही उपयोग नाही.

मोगऱ्याची_वेल | मंगळवार, सायंकाळी ७.२५

लघुरूपांचंही तसंच ना? 'तानापिहिनिपाजा' मला झोपेतून उठवलं तरी येतं. पण मुलीने विचारलं, "पा म्हणजे?" तर मी छातीठोकपणे सांगितलं, पांढरा. इंद्रधनुष्यात!

लिंबूटिंबू | मंगळवार, सायंकाळी ७.३१

पारवा, पारवा. कबुतरासारखा.
बाकी 'यमाताराजभानसलगा' मला आजही पाठ आहे आणि कुठलं वृत्त ओळखता येत नाही. विभक्तीचं 'स ला ते, स ला ना ते' तर आम्ही बाकावर ठेका धरून म्हणायचो.

निवृत्त_निवांत | मंगळवार, रात्री ८.००

पाठांतराला हसता, पण त्र्यंबकेश्वरला वेदपाठशाळेत जाऊन बघा. घनपाठात पदं अशी फिरवतात: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. मग पुढच्या पदापासून पुन्हा. लिहिलेलं काही न बघता हजारो वर्षं मजकूर टिकला. त्या पोरांच्या बाकावर तक्ते नसतात.

अनुस्वार | मंगळवार, रात्री ८.२०

काका, मुद्दा मान्य, आणि त्यातून शिकण्यासारखंही आहे. त्यात नुसती पुनरावृत्ती नाही, क्रम उलटा करणं आहे, म्हणजे प्रत्येक वेळी पद नव्याने आठवावं लागतं. आपला पाढा मात्र एकाच दिशेने धावतो, म्हणूनच 'सात सक' विचारलं की मुलाला सुरुवातीपासून निघावं लागतं. पाढा उलटा म्हणवून घ्या, मधूनच विचारा, 'बेचाळीस कुणाकुणाच्या पाढ्यात येतात?' असं विचारा. तुमच्या परवच्यात हे होत असे का?

निवृत्त_निवांत | मंगळवार, रात्री ८.४१

होत असे तर. आजोबा मध्येच थांबवून "तेरा साती?" म्हणायचे. चुकलं की पहिल्यापासून.

द्राक्षवेल | मंगळवार, रात्री ९.१५

माझा मुलगा सहावीत आहे, डिस्लेक्सिया आहे. आईच्या बाजूने लिहिते.

चौथीपर्यंत मला रोज डायरीत शेरा: 'अभ्यास करत नाही, विसरतो.' रात्री दहापर्यंत मी त्याच्याकडून स्पेलिंग घोटून घ्यायची. सकाळी रिक्षात बसेपर्यंत पाठ, दुपारी पेपरात शून्य. दोघंही रडायचो. तपासणी झाल्यावर कळलं. आधीच्या शाळेला प्रमाणपत्र दाखवलं तर "आमच्याकडे असं काही चालत नाही" म्हणाले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, हे मला एका दुसऱ्या आईने सांगितलं. दहावी-बारावीच्या बोर्डाकडून अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, त्यासाठी शासनमान्य ठिकाणचं प्रमाणपत्र लागतं. ते दहावीच्या वर्षी धावपळ करून काढण्यापेक्षा आधीच सुरुवात करा, एवढंच सांगेन.

आता ज्या शाळेत आहे तिथल्या बाई त्याला विज्ञानाची उत्तरं तोंडी विचारतात. प्रकाशसंश्लेषण तो असं समजावतो की ऐकत राहावं. लिहायला सांगा, तीन ओळीत संपतं.

तक्त्याला 'कॉपी' म्हणणाऱ्या त्या बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या मुलाला तक्ता लागत नाही ही त्यांची श्रीमंती आहे.

खडूफळा | मंगळवार, रात्री ९.३०

द्राक्षवेल, तुमचं शेवटचं वाक्य मी मुख्याध्यापकांना जसंच्या तसं ऐकवणार आहे. मास्तर, भिंतीची कल्पना उचलते.

एक उपप्रश्न: परिसर अभ्यासाचं काय करू? मागे मुलांना काळाराम मंदिरात नेलं होतं, सत्याग्रह तिथेच शिकवला. त्यांना दगडी खांब आठवतात, दरवाजा आठवतो, बाहेर खाल्लेली भेळ आठवते. साल विचारलं की शांतता.

लिंबूटिंबू | मंगळवार, रात्री ९.४४

मंदिरप्रवेशासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागला, हे आठवतंय ना? मग साल गेलं तेल लावत.

निवृत्त_निवांत | मंगळवार, रात्री ९.५०

साल गेलं तेल लावत म्हणता, मग हा सत्याग्रह पेशवाईत झाला म्हणून सांगतील.

आडवातिडवा | मंगळवार, रात्री १०.०२

काकांशी सहमत (दिवस लिहून ठेवा). सुटं साल राहत नाही, शेजारी कुणी असेल तर राहतं. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधा, दर दहा वर्षांना एक गाठ, आणि कपड्यांचे चिमटे. नाशिकच्याच घटना अडकवा: १८४० सार्वजनिक वाचनालय, १९०९ विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या, १९३० काळाराम सत्याग्रह. मग मुलांना स्वतःचं, आजीचं जन्मसाल अडकवायला सांगा. "माझी पणजी तेव्हा किती वर्षांची होती?" हा प्रश्न आला की १९३० कायमचं बसलं. आठवड्यातून एकदा चिमटे काढून टोपलीत टाका आणि परत लावायला सांगा.

कोरा_कागद | बुधवार, सकाळी ८.२०

आडवातिडवा यांच्या शेवटच्या वाक्यात सगळं आलं. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं चऱ्हाट.

हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग कमी होतो. त्यांनी निरर्थक अक्षरगट पाठ केले होते, त्यामुळे अर्थपूर्ण धड्याला तोच वेग लावू नये. पण एकाच दिवशी घोटण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते, हे पुढे वारंवार सिद्ध झालं.

दुसरं, रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आपण शिक्षक त्या पाच मिनिटांच्या निकालावर खूश होतो. तास संपताना सगळ्यांना येत असतं!

म्हणून तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं कोरा कागद. कालचं आठवेल ते लिहा किंवा चित्र काढा. गुण नाहीत, तपासणी नाही. मग पुस्तक उघडून स्वतःच राहिलेलं भरायचं, दुसऱ्या रंगाने. लिहायला अडणाऱ्या मुलांनी शेजाऱ्याला सांगायचं. गुण लावलेत की मजा गेली, हे लक्षात असू द्या.

द्राक्षवेल | बुधवार, सकाळी ९.००

सर, मुलगा 'बघून शिकणारा' आहे की 'ऐकून शिकणारा', याची चाचणी करून घ्या असं एका क्लासवाल्यांनी सांगितलं होतं. पैसेही बरेच होते.

कोरा_कागद | बुधवार, सकाळी ९.२५

पैसे वाचवा. २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा मुलाचा असा प्रकार ठरवून त्याप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा आधार मिळाला नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे क्लासही तसलेच. ती पोरं नाकाच्या बाजूच्या फटीतून बघतात. स्मरणशक्तीचे संगणकी खेळ खेळून मुलं त्या खेळात तरबेज होतात, गणितात तो फायदा फारसा उतरत नाही.

तर्रीबाज | बुधवार, सकाळी ९.३३

म्हणजे बदामच बरे. निदान खाता तरी येतात.

पांढरा_कोट | बुधवार, दुपारी २.१०

बालरोगतज्ज्ञ आहे, दोनच गोष्टी. एक, 'विसरतो' म्हणून आलेल्या मुलाचे डोळे, कान, झोप आणि हिमोग्लोबिन आधी बघा. कानात सतत पाणी होणाऱ्या मुलाला निम्मा तास ऐकूच आलेला नसतो. दोन, एखादं मूल बोलता बोलता काही सेकंद एकटक शून्यात बघतं, हाक मारली तरी ओ देत नाही, आणि मग काही झालंच नाही असं पुढे सुरू करतं, असं वर्गात वारंवार दिसलं तर त्याला रागावू नका, पालकांना डॉक्टरकडे पाठवा. तो अपस्माराचा एक प्रकार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. हे सगळ्यात आधी वर्गशिक्षकाच्याच लक्षात येतं.

लिंबूटिंबू | बुधवार, दुपारी २.४०

डॉक्टर, हे वेगळ्या धाग्यात टाका, सगळ्यांनी वाचायला हवं.

माझी भर: पेटी. पिंपळगावहून येणारी द्राक्षाची रिकामी पेटी, आत पुठ्ठ्याचे पाच कप्पे. कार्डं जुन्या लग्नपत्रिकांची, कोऱ्या बाजूला प्रश्न, कोपऱ्यात उत्तर. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, पाचवा महिन्यातून एकदा. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये ही रीत मांडली. माझ्या लेकीने तिला 'स्थळं बघण्याची पेटी' नाव दिलंय, पत्रिकांमुळे.

हातचा_एक | बुधवार, सायंकाळी ५.५०

लिंबूटिंबू, वर्गात प्रत्येकाला पेटी देणं जमणार नाही, पण वरची दहा उत्तरं एका पाकिटात मावतात.

एक शंका: अनुस्वार, 'पाढ्यांच्या तासाला तक्ता झाका' म्हणालात. मूल अडलं तर तिथे किती वेळ थांबायचं? मी आठ-दहा सेकंद थांबतो, मग बघू देतो. अंदाजाने चुकीचं उत्तर बोललं की तेच डोक्यात बसतं असा माझा अनुभव आहे.

अनुस्वार | बुधवार, सायंकाळी ६.२०

तेवढं पुरे. या मुलांना 'विचार कर, विचार कर' म्हणून ताणत ठेवण्यात काही हाती लागत नाही. बघू दे, मोठ्याने म्हणू दे, मग दुसरं काही विचारून पुन्हा त्याच घरावर या. आणि एका दिवशी दोनच नवी घरं. ७×६ आणि ७×८ एकाच दिवशी घेऊ नका, एकमेकांत घुसतात.

निवृत्त_निवांत | बुधवार, सायंकाळी ७.०५

हे काळं करायचं प्रकरण मला पटलं. यात पाढा पाठ होतोच आहे. तक्ता कायमचा राहणार असं मी समजलो होतो, त्याला माझा विरोध होता आणि आहे. पण एखाद्याची घरं वर्षअखेरीलाही काळी झाली नाहीत तर?

द्राक्षवेल | बुधवार, सायंकाळी ७.१८

तर तक्ता सहावीत घेऊन जाईल, काका. माझ्या मुलाचा अजून आहे. चार घरं उरलीत आणि ती उरतील असं दिसतंय. त्याला अपूर्णांक छान येतात.

निवृत्त_निवांत | बुधवार, सायंकाळी ७.३०

बरं. चार घरांना हरकत नाही.

खडूफळा | बुधवार, रात्री ९.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मुख्याध्यापकांशी बोलले. ठरलं असं: भागाकार, लसावि आणि शाब्दिक उदाहरणांच्या तासाला तक्ता राहील. पाढ्यांसाठी रोज परिपाठानंतर पाच मिनिटं, तेव्हा तक्ता उलटा. घटक चाचणीत गणिताच्या पेपरला तक्ता चालेल की नाही यावर सर अजून अडून आहेत. म्हणतात, मग सगळ्यांनाच द्यावा लागेल. मी म्हटलं, द्या की सगळ्यांना. ज्याला लागत नाही तो बघणारच नाही, बघण्यात वेळ जातो. त्यावर विचार करतो म्हणालेत.

नवा तक्ता बाकावर न चिकटवता वहीच्या आतल्या पानाला लावतेय, म्हणजे काळी घरं शेजाऱ्याला दिसणार नाहीत. ज्यांना दाखवायची ते दाखवतील. हातचा_एक, तुमच्या मुलांना सगळ्यांसमोर दाखवायला आवडतं, पण माझ्या वर्गात दोघी अशा आहेत की त्यांना ते नको होईल.

हातचा_एक | बुधवार, रात्री ९.३५

बरोबर केलंत. एक करा, घरं जरा मोठी ठेवा, किमान दीड सेंटिमीटरची. आणि वरच्या त्या दहा उत्तरांची घरं आधीपासून फिकट पिवळी रंगवून द्या, म्हणजे शंभराची भीती पहिल्याच दिवशी जाते. माझ्याकडे छापायची फाइल आहे, निरोपातून पत्ता पाठवा.

पेठचा_मास्तर | गुरुवार, सकाळी १०.१५

मलाही पाठवा. प्रिंटर नाही, पण हाताने आखून घेईन. पाचवीचे अकराच आहेत.